रुमी मस्तकी: खिओस बेटावरची राळ, घ्यावी कुठली आणि वापरावी कशी

काष्ठौषधींच्या दुकानात किंवा अत्तरवाल्याकडे ‘रुमी मस्तकी’ मागितली की पिवळट खड्यांची एक पुडी हातात पडते. त्या पुडीतला माल खरा असेलच, असं मुळीच नाही. इथे परीक्षण आहे ते अस्सल मालाचं: ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागात निघणारी आणि तिथल्या उत्पादक संघाच्या सीलबंद पाकिटात मिळणारी मस्तिहा, म्हणजे ग्रीक नावाने हीच मस्तकी. आधीच सांगून टाकायचं तर, दुधाच्या पदार्थांसाठी आणि चघळण्यासाठी ही राळ तिच्या चढ्या किमतीला पुरेपूर उतरते. धूपासाठी ती घेणं म्हणजे पैसे जाळणं. आणि औषध म्हणून घेणार असाल, तर पुढे दिलेल्या मर्यादा वाचूनच घ्या.

पहिला गोंधळ नावापाशीच होतो. मस्तकी हा डिंक नव्हे, राळ आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो आणि तुपात टाकला की फुलतो. मस्तकी पाण्यात विरघळत नाही, तुपात फुलत नाही, वितळून पसरते. डिंकाच्या लाडवासारखी ती तळायला घेतली, तर कढईच्या तळाला चिकट थर बसतो आणि मालही जातो, कढईही जाते. झाडाचं शास्त्रीय नाव पिस्ताशिया लेंटिस्कस, त्यातला ‘किया’ हा प्रकार. म्हणजे पिस्त्याचा सख्खा भाऊ. त्याच कुळात आंबा, काजू आणि बिब्बाही येतात. काजूच्या खोडावर घाव बसला की चीक येतो हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तत्त्व तेच.

खिओस हे एजियन समुद्रातलं ८४२ चौरस किलोमीटरचं बेट आहे. ग्रीसच्या मोठ्या बेटांत त्याचा पाचवा क्रमांक लागतो, आणि तुर्कस्तानचा किनारा जिथे सर्वांत जवळ आहे तिथे मधली खाडी जेमतेम सात किलोमीटरची. उत्तरेला उघडेबोडके डोंगर, त्यातलं पेलिनेओ शिखर १२९७ मीटर उंच. दक्षिणेला उतार मंदावतात, जमीन चुनखडीची होते आणि उन्हाळा जवळपास कोरडा जातो. मस्तिहा निघते ती फक्त या दक्षिण टोकाच्या गावांत. त्या गावांना ‘मस्तिहोहोरिया’ म्हणतात, म्हणजे मस्तिहाची गावं. लेंटिस्कसची झुडपं भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर उगवतात, पण इतकी आणि अशी राळ ती देत नाहीत. शेकडो वर्षं फांद्या लावून निवडत आणलेला वाण, चुनखडीची माती आणि बिनपावसाचा उन्हाळा यांचा मिळून हा परिणाम मानला जातो. समोरच्या तुर्की किनाऱ्यावर, चेश्मेकडे, हीच झाडं लावून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. बाजारात नाव मात्र अजून खिओसचंच आहे. तुर्कीत तर या बेटालाच ‘साकिझ आदासी’, म्हणजे चघळण्याच्या राळेचं बेट, म्हणतात.

किंमत का चढी, ते पाकीट हातात घेण्याआधी समजून घेतलेलं बरं, नाहीतर लहानशा पाकिटाची किंमत अन्यायाची वाटते.

झाड दोन-तीन मीटरचं, वाकडंतिकडं, सदाहरित. लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी थोडी राळ द्यायला लागतं आणि पूर्ण भरात यायला बारा-पंधरा वर्षं घेतं. एक झाड वर्षाला साधारण ६० ते १८० ग्रॅम देतं. हिशोब करा: एक किलो मस्तिहा म्हणजे सहा ते सतरा झाडांचं पूर्ण वर्ष. जूनमध्ये झाडाखालची जमीन खरवडून, सपाट करून, झाडून घेतात आणि तिच्यावर चाळलेली पांढरी चुनखडीची माती पसरतात. हा कॅल्शियम कार्बोनेटचा थर नसेल तर गळलेली राळ मातकट होते. असेल तर ती स्वच्छ राहते आणि लवकर सुकते. मग जुलैच्या मध्यापासून ‘केंदिमा’ सुरू होतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ टोचणं, भरतकाम करणं. टोकदार लहान हत्याराने सालीवर १० ते १५ मिलिमीटर लांब आणि चार-पाच मिलिमीटर खोल छेद देतात. सुरुवात बुंध्याच्या खालच्या भागापासून, मग हळूहळू वरच्या फांद्यांकडे. एकाच दिवशी सगळे छेद देत नाहीत, पाच-सहा आठवडे थोडे थोडे देत राहतात. किती द्यायचे ते झाडाचं वय आणि जोम पाहून ठरतं. हावरटपणा केला तर झाड खचतं आणि पुढची काही वर्षं उत्पन्न घटतं.

छेदातून राळ थेंबाथेंबाने येते. स्थानिक लोक तिला ‘अश्रू’ म्हणतात. घट्ट व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. याच काळात पाऊस आला तर घात होतो: थेंबांत माती मिसळते, चकाकी जाते, माल खालच्या प्रतीत ढकलला जातो. ऑगस्टच्या मध्यापासून पहिली वेचणी, नंतर छेदांची दुसरी फेरी आणि शरद ऋतूत दुसरी वेचणी. त्यानंतरचं काम सगळ्यांत चिवट आहे. चाळणं, पाण्याने धुणं, सुकवणं, आणि मग हिवाळाभर घराघरांत बसून, मुख्यतः बायकांनी, लहान सुरीच्या टोकाने एकेका दाण्याला चिकटलेली साल आणि माती खरवडून काढणं. या टप्प्यावर यंत्र फारसं कामाला येत नाही, कारण दाणा ठिसूळ असतो आणि कचरा त्याच्या खोबणीत बसलेला असतो. किमतीतला मोठा वाटा या सुरीचा आहे.

ही मक्तेदारी जुनी आहे. १३४६ मध्ये बेट इटलीतल्या जेनोवा शहराच्या लोकांकडे गेलं आणि जुस्तिनियानी नावाखाली एकत्र आलेल्या व्यापाऱ्यांच्या कंपनीने मस्तिहाचा व्यापार स्वतःच्या मुठीत ठेवला. पिर्गी, मेस्ता, ओलिंपी ही गावं आजही पाहिली की त्या व्यापाराचं मोल कळतं. बाहेरच्या बाजूची घरं एकमेकांना जोडून त्यांचीच तटबंदी केलेली, बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही, गल्ल्या अरुंद आणि मधोमध बुरूज. चाच्यांपासून माणसं वाचवायची होती, आणि गोदामातला माल पण. कोलंबसाने १४९३ च्या पत्रात, आपण शोधलेल्या बेटांवर मस्तिहा मिळेल अशी आशा दाखवताना लिहिलं की आजवर ती फक्त खिओसला मिळते आणि जेनोवाचं सरकार ती हव्या त्या दराने विकतं. ती आशा फळली नाही.

१५६६ मध्ये बेट ओटोमन साम्राज्यात आलं. मस्तिहाच्या गावांना कर राळेतच भरावा लागे आणि त्या बदल्यात काही सवलती होत्या. राजवाड्याच्या जनान्यात ती चघळण्यासाठी जात असे. ओटोमन फौजेने १८२२ मध्ये केलेल्या भयंकर कत्तलीत बेटाचा बाकीचा भाग उजाड झाला, तेव्हा ही दक्षिणेची गावं बऱ्याच अंशी वाचली, कारण राळ काढणारे हात सुलतानाला हवे होते. वाचलेली व्यापारी घराणी युरोपभर पांगली. त्यांच्यातलंच एक रॅली घराणं. त्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात आणि मुंबईत उभ्या राहिल्या, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरून ओळखीचं झालेलं ‘रॅलीज’ हे नाव तिथूनच आलेलं आहे. बेट १९१२ मध्ये ग्रीसला जोडलं गेलं.

आजचा माल ज्यांच्याकडून येतो तो उत्पादक संघ १९३८ चा. त्याआधी व्यापारी भाव पाडत आणि शेतकऱ्याला कर्जात ठेवत. संघ झाल्यावर सगळ्या गावांच्या सहकारी संस्थांचा माल एका ठिकाणी गोळा होऊ लागला आणि प्रतवारी व विक्री तिथूनच होऊ लागली. साखर कारखान्याचा सभासद आपला ऊस घालतो, तसा इथला उत्पादक आपली राळ संघाला घालतो. १९९७ पासून ‘खिओस मस्तिहा’ या नावाला युरोपीय संघाचं मूळस्थान संरक्षण आहे, आणि २०१४ मध्ये या लागवडीचं ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. ग्राहकाच्या दृष्टीने यातली पहिली गोष्ट महत्त्वाची. पाकिटावर लाल-पिवळी गोल संरक्षण मुद्रा पाहा. ती नसेल तर ‘ग्रीक’, ‘इम्पोर्टेड’, ‘प्रीमियम’ या शब्दांना काही अर्थ नाही.

आता माल. सीलबंद पाकीट उघडल्यावर पहिला वास ताज्या पाइनचा, मागोमाग किंचित लिंबासारखा आणि अगदी शेवटी गोडसर. या राळेच्या तेलात सगळ्यांत मोठा वाटा आल्फा-पायनीनचा असतो, तोच घटक टर्पेंटाइनमध्येही असतो, म्हणून पाइनची आठवण होते. ताजे दाणे फिकट, जवळजवळ रंगहीन, अर्धपारदर्शक. वर्ष-दोन वर्षांत ते पिवळे पडत जातात आणि वास उतरतो. पिवळेपणा म्हणजे भेसळ नव्हे, वय आहे. पण पूर्ण किमतीला जुना माल घेऊ नये. हंगाम शरदात संपतो आणि साफसफाई हिवाळ्यात होते, त्यामुळे वसंतानंतर पॅक झालेला माल नव्या हंगामाचा असण्याची शक्यता जास्त. पाकिटावरची तारीख त्या हिशोबाने वाचा.

प्रती आकारावरून ठरतात. सर्वांत मोठ्या चपट्या वड्यांना ‘पिता’ म्हणतात, मग मोठे दाणे, मध्यम, बारीक आणि शेवटी चुरा. मोठा दाणा महाग. आमचं स्पष्ट मत असं की स्वयंपाकासाठी मोठे दाणे घेण्यात काडीचाही फायदा नाही, कारण ते कुटायचेच आहेत. बारीक दाणे घ्या. चघळण्यासाठी मात्र मोठा दाणा खरोखर बरा: एका तुकड्यात मऊ होतो, दातांत चुरा अडकत नाही. चुऱ्यात माती आणि साल राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो टाळाच.

आपल्या बाजारातल्या पुडीचं काय? इंग्रजी औषधग्रंथांत ‘बॉम्बे मॅस्टिक’ नावाचा एक जिन्नस नोंदलेला आहे. तो खिओसचा नाही. बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानकडच्या रानटी पिस्ताशिया झाडांची ही राळ मुंबईच्या बंदरातून विकली जायची म्हणून ते नाव पडलं. बाजारात तीच रुमी मस्तकी म्हणून खपायची. ‘रुमी’ म्हणजे रूमची, पूर्वेच्या रोमन साम्राज्याची, म्हणजे नाव ग्रीक प्रदेशाचं आणि माल दुसऱ्याच डोंगरांतला. हा जिन्नस बनावट नाही, नात्यातलाच आहे, पण वास कमी आणि चव जास्त कडवट. खरी फसवणूक होते ती चंद्रुस (दुसऱ्याच झाडाची ठिसूळ राळ) किंवा साधी राळ मिसळून, आणि ती घरी पकडता येते.

एक दाणा तोंडात ठेवा. अस्सल मस्तकी दाताखाली आधी कडकन फुटते, अर्ध्या-एक मिनिटात लाळेच्या उबेने एकत्र येते आणि पांढरी, लवचीक गोळी होते. चंद्रुस फुटून रवाळ चुराच राहतो, किती चावला तरी जुळून येत नाही. दुसरी शंका कुंदुराची, म्हणजे ऊदाच्या जातीच्या राळेची. तो चावून गोळी होऊ शकतो, म्हणून तिथे पाणी वापरा. दाणा थोड्या पाण्यात खलला आणि पाणी दुधाळ झालं, तर त्यात डिंकाचा अंश आहे, म्हणजे ती मस्तकी नाही. मस्तकीचं पाणी जवळपास स्वच्छ राहतं. पुडीतला एकच दाणा तपासून थांबू नका. मिसळलेल्या मालात चार-पाच वेगवेगळ्या रंगांचे दाणे निवडून तपासावे लागतात.

स्वयंपाकात सर्वाधिक चुका कुटताना होतात. नुसती मस्तकी खलबत्त्यात घातली की घासण्याच्या उबेने मऊ होते आणि बत्त्याला चिकटून बसते. मिक्सरमध्ये तर पात्यावर थर चढतो. दाणे फ्रीझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग एक चमचा कोरड्या साखरेबरोबर (तिखटामिठाच्या पदार्थाला मिठाबरोबर) हलक्या हाताने ठेचून पूड करा. साखरेचे कण दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. तरीही भांड्याला चिकटलीच, तर गरम पाण्याने घासू नका, ती अजून पसरते. आधी तेलाचं बोट फिरवा, पुसून घ्या, मग साबण.

प्रमाण: एक लिटर दुधाला हरभऱ्याएवढे दोन दाणे, म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. एक ग्रॅमच्या पुढे गेलात की बासुंदीला रंगाच्या डब्याचा वास येतो आणि शेवटी जिभेवर कडू चव राहते. पूड घालायची ती गॅस बंद करण्याच्या मिनिटभर आधी, ढवळत. दुधातल्या गरम स्निग्धांशात ती विरघळते. सुरुवातीलाच टाकून अर्धा तास उकळलं तर वासाचं तेल वाफेबरोबर निघून जातं. आख्खा दाणा उकळत्या दुधात टाकला तर तो मऊ होऊन पळीला किंवा तळाला चिकटतो. बासुंदी, फिरनी, कुल्फी, तांदळाची खीर यांत ती उत्तम बसते. श्रीखंडात सरळ पूड घालू नका: थंड चक्क्यात ती विरघळत नाही आणि दातांना चिकटणारे कण राहतात. दोन चमचे साय कोमट करून तिच्यात पूड विरघळवा, निवू द्या, मग चक्क्यात फेटा. वेलदोडा मात्र सोबत नको. तो मस्तकीला पार झाकून टाकतो. केशर किंवा गुलाबपाणी चालतं.

ग्रीसमध्ये ती ईस्टरच्या ‘त्सुरेकी’ पावात जाते, एक किलो मैद्याला साधारण एक ते दीड ग्रॅम, बहुधा रानचेरीच्या बियांच्या पुडीबरोबर. ‘काइमाकी’ आइस्क्रीममध्येही ती असते. तुर्कस्तानात मस्तकीची मुहल्लेबी (दुधाचा दाटसर गोड पदार्थ) आहे, तर इजिप्तमध्ये गरम तुपात एक-दोन बारीक दाणे वितळवून त्यावर मांसाचं सूप चढवतात, त्याने मांसाचा उग्र वास जातो. मटणाच्या पांढऱ्या रश्श्याला ही युक्ती छान लागू पडते. तांबड्या रश्श्यात मसाल्यापुढे मस्तकीचं काही चालत नाही.

चघळताना दाणा लगेच कडाडून चावू नका. अर्धा मिनिट जिभेखाली गरम होऊ द्या. थेट चावला तर भुगा होऊन दाढेच्या खड्ड्यांत बसतो. पहिली दोन-तीन मिनिटं चव किंचित कडू, मग नुसता सुगंध. साध्या च्युइंगमपेक्षा ही गोळी कडक असते, त्यामुळे कॅप, ब्रिज किंवा कवळी असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

औषधाबद्दल संयमाने बोलायला हवं. युरोपीय औषध संस्थेने २०१५ मध्ये मस्तिहाला पारंपरिक वनौषधी म्हणून दोन उपयोगांसाठी मान्यता दिली: सौम्य अपचनाच्या तक्रारी, आणि त्वचेवरची किरकोळ सूज व बारीक जखमा. ही मान्यता दीर्घ वापराच्या आधारावरची आहे, मोठ्या चाचण्यांच्या नव्हे. हेलिकोबॅक्टर या पोटातल्या जंतूवर मस्तिहा चालते, असं १९९८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रयोगशाळेतल्या निरीक्षणावरून छापून आलं आणि त्यावर जाहिराती उभ्या राहिल्या. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र एकसारखा निकाल आलेला नाही. अल्सरच्या औषधाऐवजी ही राळ घेणं चुकीचं आहे. काजू-पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

संघाच्या तयार मालात ‘एल्मा’ च्युइंगम स्वस्त आणि सोयीचं आहे, मस्तिहाची चव आवडते की नाही हे आजमावायला पहिली खरेदी तीच करा. चमच्यावर घेऊन थंड पाण्याच्या पेल्यात बुडवून चाटायची पांढरी गोड मस्तिहा, ग्रीक लोक तिला ‘पाणबुडी’ म्हणतात, फार गोड आहे पण उन्हाळ्यात छान लागते. मस्तिहाचं तेल दाण्यांपेक्षा कितीतरी तीव्र असतं. स्वयंपाकात त्याचा एक थेंब जास्त पडला की पदार्थ फेकावा लागतो, म्हणून घरगुती वापराला आम्ही ते सुचवत नाही.

बेटावर जाणाऱ्यांनी बंदराच्या शहरात खरेदी उरकून परत फिरू नये. पिर्गी गाव तिथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, घरांच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या खरवडलेल्या नक्षीचं, आणि त्याच्याजवळच २०१६ मध्ये सुरू झालेलं मस्तिहा संग्रहालय आहे. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान गेलात तर झाडांखालचा पांढरा मातीचा गोल आणि त्यावर पडलेले थेंब प्रत्यक्ष दिसतात. त्या मातीवर पाय ठेवायचा नाही, एवढं पथ्य पाळा. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात या भागातल्या बऱ्याच बागा जळाल्या. नवं झाड भरात यायला पंधरा वर्षं लागतात हे लक्षात घेतलं, तर त्या आगीचा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही हे समजेल.

घरी आणल्यावर काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये. मुंबई-कोकणच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवलेले दाणे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ होतो. तसं झालं तर माल वाया गेलेला नसतो: बाटली तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, ढेकूळ कापडात गुंडाळून बत्त्याचा एक टोला द्या, परत दाणे मिळतील. एका वेळी १० किंवा २० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. लिटरभर दुधाला अर्धा ग्रॅम या मापाने तेवढ्यात वर्षभराचे सण निघतात.